पासवर्ड फक्त पुष्पलताकडे

सुट्टी मागितली की आमच्या केयूरभाईचा एकच सवाल, "मॅडम, काटा अटकला तर?"

नागपूरजवळ वाडीतल्या त्याच्या गोदामात चार वजनकाटे, तीन पावतीचे प्रिंटर अन् एक गेट. काटा अटकला की ट्रक पार अमरावती रोडपर्यंत तुंबतात, ड्रायव्हर आई-बहीण काढतात. नुसतं बंद-चालू करून भागत नाही. मी जमिनीवर बसायचं, काट्याच्या मशीनले लॅपटॉपची तार लावायची, दोन ओळी टाइप करायच्या, काटा सुरू. दोन मिनिटांचं काम! त्या दोन मिनिटांपायी नऊ वर्षांत मी नागपूरबाहेर एक मुक्काम केला नाही. लग्नं बुडली, मयती बुडल्या.

या खेपेले मी ऐकणार नव्हती. आईच्या पोटाचं ऑपरेशन होतं, धंतोलीतल्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वय पाहता भरवसा देता येत नाही. आईनं एवढंच मागितलं, "आत नेईपर्यंत माझा हात धरून राहजो वं."

मग केयूरभाईले मीच उपाय सांगितला. सिरियल पोर्ट स्विच. एक डबा, त्याले आठ भोकं, म्हणजे पोर्ट. आठही मशीनच्या तारा त्यात खुपसायच्या, डबा इंटरनेटले जोडायचा, की कुठूनही पासवर्ड टाकून पाहिजे त्या मशीनमध्ये शिरता येते. मी ठरवलं होतं, पासवर्ड काट्यावरच्या शालिकरामभाऊले द्यायचा, दोन ओळी शिकवायच्या अन् मोकळं व्हायचं.

दोन दिवस खपली. एकेका पोर्टले नाव दिलं, पासवर्ड लावला, बिनापासवर्डची वाट बंद केली. संध्याकाळी घरी ओट्यावर लॅपटॉप ठेवून पाहिलं तर काय, वाडीचा तीन नंबरचा काटा उघडला! माय वं, नाचावंसं वाटलं.

केयूरभाईले दाखवलं तर तो माझ्यापेक्षा जास्त खूश.

"वा मॅडम! आता सुट्टीची गरजच काय? आईजवळ बसा ना लॅपटॉप घेऊन, आरामसे."

"अन् शालिकरामभाऊ?"

"ना ना. पासवर्ड किसी को नहीं. फक्त पुष्पलता मॅडमकडे."

सुट्टीचा अर्ज त्यानं तसाच परत दिला. मी भांडली, खूप भांडली. तो हसत होता. त्याले वाटे, मेहरबानीच करून राहिलो हिच्यावर. असा संताप आला! दोर माझाच, गाठही मीच पक्की मारलेली. पण आईच्या दवाखान्याचं बिल याच पगारातून जाणार होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून दोनदा काटा अटकला, दोनदा मी खाटेजवळून उठून व्हरांड्यात गेली. आई भिंतीकडे पाहत पडून होती. अकरा वाजता सिस्टर स्ट्रेचर घेऊन आली.

"मनकर्णाबाई कोण? चला आजी."

तेवढ्यात केयूरभाईचा फोन. "मॅडम, सतरा ट्रक उभे आहेत! जल्दी!"

एक हात आईच्या हातात, दुसऱ्या हातानं लॅपटॉप उघडला. पासवर्ड चुकला. परत टाकला, परत चुकला. पडद्यावर सूचना आली, एकच संधी बाकी, मग पोर्ट एक तास बंद. चोरट्यांसाठी तो नियम मीच बसवला होता. तो तास मलेही आत जाता येणार नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. तिची बोटं थंड पडली होती.

तिसऱ्या खेपेले माझं बोट चुकलं नाही. मी सावकाश, एकेक अक्षर पाहून, चुकीचा पासवर्ड टाकला. लॅपटॉप मिटला.

"झालं का वं तुझं काम?" आईनं विचारलं.

"झालं."

स्ट्रेचरसोबत चालत गेली. पर्समध्ये फोन वाजतच होता, थांबे अन् परत वाजे. मी आईचं कपाळ पुसलं, तिचा हात दोन्ही हातांनी धरला. दाराशी सिस्टर म्हणाली, "आता सोडा हात."

आईनंच सोडवून घेतला.

"उचल वं आता तो फोन," ती म्हणाली, "मी चालली."