गाळलेला रकाना

परळच्या वॉर्ड ऑफिसातली जुनी जन्मनोंदणीची रजिस्टरं कॉम्प्युटरवर आणायची होती. त्याचा आराखडा राजरत्नकडे आला. कुठले रकाने घ्यायचे, कुठले गाळायचे, हे त्याने तीन आठवड्यांत ठरवलं. ‘जात’ पहिल्याच दिवशी गाळला. अडतीस सालच्या रजिस्टरात त्याला स्वतःच्या आजोबांची नोंद सापडली होती. त्या रकान्यातला शब्द कारकुनाने इतक्या वळणदार अक्षरात लिहिला होता की राजरत्नला पुढचं पान उलटवेना. उद्या हे कुणीही मोबाईलवर वाचणार? नकोच.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कुशाबांनी आराखडा वाचला. “साहेब, एक रकाना राहिला.”

“राहिला नाही, काढलाय. कुणाला हवाय आता?”

कुशाबांनी आराखडा परत टेबलावर ठेवला.

गुरुवारी नायगावच्या चंपाबाई लेकीला, सलोनीला घेऊन आल्या. मेडिकलला नंबर लागला होता, पण जात पडताळणीला पन्नास सालाआधीचा पुरावा हवा होता. सलोनीच्या आजोबांची नोंद मिळेल का?

कुशाबांनी चार रजिस्टरं उपसली. सलोनीचं बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबलं.

“आई, आहे! स्पष्ट लिहिलंय!”

चंपाबाई मटकन बाकावर बसल्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. दारात उभ्या राजरत्नला मात्र आपण गाळलेला रकाना आठवला.

त्या गेल्यावर तो म्हणाला, “कुशाबा, तेव्हाच का नाही बोललात?”

“बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, म्हाताऱ्याची जात सुटत नाही.”

सोमवारच्या मीटिंगमध्ये राजरत्नने आपणच आपला आराखडा बदलला. “जातीचा रकाना राहील, पण शोधताना कुणालाच दिसणार नाही. घरच्या माणसाने अर्ज केला, नातं दाखवलं, तरच उताऱ्यावर छापून येईल.”

“महिनाभर काम वाढेल, सर,” सॉफ्टवेअरवाला उन्मेष कुरकुरला.

“वाढू दे.”

मीटिंग घेणाऱ्या मानसी मॅडमनी पेन खाली ठेवलं. “पण नातं दाखवणार कसं? ज्यांच्याकडे कागद नाहीत, तेच तर इथे येतात.”

राजरत्नने कुशाबांना वर बोलावून घेतलं.

“आम्ही चाळीतले दोन जुने शेजारी आणायला सांगतो,” कुशाबा उभ्याउभ्याच म्हणाले. “माणसं बरोबर ओळखतात.”

“बसा ना,” मॅडम म्हणाल्या. राजरत्नने खुर्ची ओढून दिली, आणि उन्मेषने लॅपटॉपवर नवी ओळ टाइप करायला घेतली: साक्षीदार, दोन.