आधी काय दळलं?

पिठाचा डबा घेऊन घरी जाता, तेव्हा तुम्ही विश्वास कोणावर ठेवता हो? गहू निवडणाऱ्या हातांवर, दळणाऱ्यावर, की माझ्यावर?

मी चक्की बोलतेय. नावडे कॉलनीत औषधांच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात सव्वीस वर्षं उभी आहे. माझे मालक हौसेराव कोरेगावकडचे. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

आमच्याकडे एक प्रश्न रोज होतो, "आधी काय दळलं?" कारण आधीच्या दळणाचं मूठभर पीठ माझ्या दगडांत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. एकदा हौसेराव एका बाईंना म्हणाले, "आत्ताच नाचणी झालीय, थोडं थांबा." त्या रागावून दुसऱ्या गिरणीत गेल्या. तीन महिन्यांनी परत आल्या. "तिकडं कधीही जा, गव्हावरच असतं म्हणे. मग नाचणी दळतो कोण?"

जयमालावहिनी आमच्या पहिल्या दिवसापासूनच्या. त्यांच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही. त्यांचा पार्थ एकवीस वर्षांचा, बेलापूरला कॉलेजात अन्नपदार्थांचं काहीतरी शिकतो.

श्रावणात हाच पार्थ दहा किलो पीठ परत घेऊन आला होता. "काका, यात किडा आहे." निघाला एक सोंडा, तोही त्यांच्याच गव्हातला. तरी हौसेरावांनी हात जोडले आणि पदरचे गहू दळून दिले. पोरगं नाकाला रुमाल लावून उभं होतं.

आणि दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तेच पोरगं किलोभर रातकिडे घेऊन आलं.

"भाजलेत काका. खास खाण्यासाठी पाळतात, ते मागवलेत. मिक्सरवर जाडसर राहतात."

हौसेरावांनी पिशवीत डोकावून बघितलं. "अरे, एका सोंड्यासाठी मला हात जोडायला लावलेस तू."

"तो चुकून आलेला. हे मुद्दाम आणलेत. उद्या वीस मित्रांना चकल्या देणार. आमच्या वयाची पोरं खातील का, हा प्रोजेक्टच आहे माझा."

"मी नाही दळणार."

"तुम्ही सुकट खाता ना? तिलाही पाय असतात. मिशा तर केवढ्या."

हौसेरावांनी चिमटीत एक रातकिडा चुरडून बोटाला लागलेलं तेल बघितलं. मग म्हणाले, "तेल सुटलं तर दगड चिकटतील. निम्मे तांदूळ मिसळ."

मी दळले. मला नाही म्हणता येत नाही. वास भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा आला, पीठ मातकट पडलं. सव्वीस वर्षं ज्या किड्यांच्या नावानं बोलणी खाल्ली, तेच आज माप भरून माझ्या तोंडात ओतले होते. पार्थनं तर चिमूटभर पीठ तिथंच जिभेवर ठेवलं आणि मिटक्या मारल्या. कुठला किडा घाण आणि कुठला चकली, हे या मुलांना कोण सांगतं? मला अजून उमगलेलं नाही.

"आईला सांगू नका काका. उद्याचं झालं की मीच सांगतो," म्हणून तो गेला.

हौसेरावांनी मला झाडलं, पुसलं, दोन किलो गहू घालून फिरवलं आणि ते पीठ फेकून दिलं. तेवढ्यात जयमालावहिनी डबा घेऊन दारात.

"भाऊ, आधी काय दळलं?"

गव्हावर गहूच, असं ते म्हणू शकत होते. खोटंही ठरलं नसतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हातातल्या फडक्याकडे बघत होते.

"वहिनी, आधी गहू. त्याच्या आधी रातकिडे."

वहिनी हसल्या. मग हसू थांबलं. "कोणाचे?"

"तुमच्या घरचेच."

वहिनी स्टुलावर बसल्या. मग विचारलं, "खाल्लं त्यानं?"

"चिमूटभर."

"तोंड वाकडं केलं?"

"नाही."

"माझी मेथी बघून करतो," त्या म्हणाल्या, आणि डबा तिथंच ठेवून गेल्या.

रविवारी हौसेरावांनी माझे दगड उघडून टाकी लावून घेतली. खाचा नव्यानं कोरल्या.

सोमवारी पार्थ डबा न्यायला आला. उतरलेल्या तोंडानं म्हणाला, "सांगितलंत ना काका? आई बोलत नाही माझ्याशी."

"तिनं विचारलं, मी सांगितलं. चकल्यांचं काय झालं?"

"विसाच्या वीस जणांनी खाल्ल्या. सतरा जणांनी परत मागितल्या." मग हळूच म्हणाला, "आणि घरी सांगू नको म्हणाले सगळेच."

डबा हौसेरावांनी त्याला दिला नाही. "ज्यानं ठेवला तो नेईल."

गुरुवारी वहिनी आल्या. आल्या आल्या तोच प्रश्न.

"काही नाही वहिनी. टाकी लावल्यापासून तुमचंच पहिलं. चार दिवस बंद ठेवलीय."

वहिनींनी माझ्यावरून हात फिरवला, बोटं बघितली. "त्यानं काय खायचं ते तो बघेल, भाऊ. मोठा झालाय. पण माझ्या पोळीत काय आहे, ते मला कळलं पाहिजे."

तेव्हापासून माझ्या शेजारी एक पाटी टांगलेली आहे. कोणाचं, काय, कशावर दळलं, सगळं खडूनं लिहितात. काल तिच्यावर पार्थचं नाव पुन्हा आलं, खाली हौसेरावांनी लिहिलंय, "रातकिडे. यानंतर आज बंद."

माझ्या एखाद्या खाचेत त्यातलं काही उरतं का? खरं सांगायचं तर मलाच कळत नाही. माझ्या पोटात शेवटी सगळ्याचं पीठच होतं. म्हणून तुम्हाला विनवते, दळा काहीही, खा काहीही, पण पाटीवर आधी काय नि मग काय, तेवढा हिशेब खरा लिहा. मला लिहिता येत नाही.