जाड स्प्रिंग

नव्या गाडीवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या बाबांचं ठाम मत होतं. कंपनीवाले ग्रीस लावतात म्हणजे नुसता वास दाखवतात, असं ते म्हणायचे. म्हणून डोंगरात न्यायची मोटारसायकल शोरूममधून घरी आली की ते आधी तिचे सांधा न् सांधा सोडवायचे, बेअरिंगमध्ये बोटाने ग्रीस भरायचे, चाकाचा एकेक आरा पान्याने वाजवून ऐकायचे आणि मग सगळं पुन्हा बांधायचे. या वेळी गाडी आली तेव्हा बाबा नव्हते. बुकिंग त्यांनी आजार कळायच्या आधी केलं होतं. गाडीला कोण काय कळवणार? ती आपली ठरल्याप्रमाणे दारात हजर झाली.

रविवारी टेकड्यांमधली मोटारसायकलींची वाट मोसमासाठी खुली होणार होती. घरामागच्या शेडमध्ये लेक आठवडाभर गाडीशी झटत होती. हँडलचं बेअरिंग तिने उघडलं, भरलं, बांधलं. दुसऱ्या दिवशी चैन पडेना म्हणून पुन्हा उघडलं. ग्रीस जिथल्या तिथे होतं. त्याला जायचं तरी कुठे होतं? ऑफिसमधून आली की ती कपडे न बदलता शेडमध्ये शिरायची आणि आवळलेले नट परत आवळायची. जेवायला बसली तरी तिचा डावा पाय टेबलाखाली गिअर टाकत असायचा.

"कालच शिवली होतीस ना? आज परत पोट फाडलंस बिचारीचं?"

दारात वेल्डर काका उभे होते. काका म्हणजे बाबांचे जोडीदार. दोघे एकत्र चिखलात पडायचे आणि एकमेकांना उचलून आणायचे, अशी सारी उमर गेली. रविवारी ही गाडी तेच चालवणार होते. पहिल्या फेरीला त्याची गाडी टेकडीवर दिसलीच पाहिजे, असं बाबा गेले त्याच दिवशी काका म्हणाले होते आणि तिने मान हलवली होती. त्या दिवशी कोणी राहतं घर मागितलं असतं तरी तिने मान हलवली असती.

आज शॉकअपचं माप घ्यायचं होतं. मागची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनाने नेमकी किती दबते ते बघावं लागतं. कमी दबली तर गाडी दगडावरून माणसाला फेकून देते, फार दबली तर खालून आपटत जाते. बाबा अंगाने भरलेले, कंपनीची स्प्रिंग त्यांच्याखाली मान टाकायची. म्हणून त्यांनी एक जाड स्प्रिंग वेगळी मागवली होती. गाडीबरोबरच ती आली आणि लेकीने पहिल्याच संध्याकाळी बसवूनही टाकली. दर वेळी बाबा बूट-हेल्मेटसकट सीटवर बसायचे आणि ती मागे उकिडवी बसून टेप धरायची. आता सीटवर वाळूची दोन पोती होती, दोरीने आवळून बांधलेली.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"वजन. माप घ्यायला."

"अगं, मी आहे की इथं, चांगलं बोलतं पोतं! तुझ्या बापात आणि माझ्यात एकोणीस-वीसचा फरक. सरक, बसू दे मला."

"नको काका. बूट चिखलाचे आहेत तुमचे."

काकांनी खाली बघितलं. वर्कशॉपचे काळे बूट, चिखलाचा ठिपका नव्हता. "बरं बाई," ते म्हणाले, "रविवारी तरी बसू देशील ना? की रविवारीही पोतंच धाडणारेस?"

ती हसली, पण काका निघून जाईपर्यंत तिने हातातला पाना खाली ठेवला नाही. आपण असं का बोललो, ते तिला कळत होतं आणि ते कळून घ्यायचं नव्हतं. तिने पुन्हा कामाला हात घातला.

पोत्यांत तिने काट्यावर तोलून नव्वद किलो भरले होते. पण माप अंगावरच्या सामानासकट घ्यायचं असतं. म्हणून तिने खुंटीवरचं बाबांचं छातीचं कवच काढून पोत्यांना बांधलं, त्यांचे बूट दोन्ही बाजूंना लटकावले आणि वर हेल्मेट ठेवलं. सगळं भराभर, कामातलं काम म्हणून. मग टेप आणायला दोन पावलं मागे सरकली आणि आपण काय करून बसलो आहोत ते तिला दिसलं.

नेमकी त्याच वेळी आई चहा घेऊन आली.

आई शेडमध्ये सहसा फिरकायची नाही. पेट्रोलच्या वासाने तिचं डोकं चढायचं. ती दारात थबकली. गाडीवर बसलेल्या त्या आकृतीकडे तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. लेकीला वाटलं, आता कप पडणार. कप पडला नाही.

"किती भरलंस?" आईने विचारलं.

"नव्वद."

"नव्वद कधी होते?"

"मागच्या मोसमात."

"शेवटी छप्पन्न राहिले होते." आईने कप बाकावर ठेवला. "मीच उचलून बसवत होते ना त्यांना. मला माहीत."

हेल्मेट एका बाजूला कलायला लागलं होतं, ते लेकीने पकडलं आणि हातातच ठेवलं.

"रविवारी हे पोतं नेणारेस का?"

"काका चालवणारेत. ठरलंय ना आपलं."

"मग भाऊजींना का नाही बसवलंस? ऐकू येत होतं मला. बूट म्हणे चिखलाचे! तो माणूस वेल्डिंग करतो, नांगर नाही धरत."

"नाही बघवलं असतं मला." ती हेल्मेटची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती. "दुसरं कोणी बसलेलं."

"आणि तू बसलीस तर?"

"मी कशी बसू?" बाबांचं हेल्मेट खुंटीला अडकवत ती म्हणाली, "आई, ही गाडी घेताना त्यांच्या मनात कधी... म्हणजे पुढेमागे मी चालवावी असं काही..."

"नव्हतं," आई म्हणाली. "स्वतःसाठी घेतली त्यांनी. भांडले होते मी, वय काय आणि थेरं काय म्हणून. तुझा विषयही निघाला नव्हता. उगाच मनात काही धरू नकोस."

लेकीचा चेहरा पडला. आईने तो बघितला, पण शब्द मागे घेतले नाहीत.

"तुझ्या अंगातला त्यांचा स्वेटर तरी कुठे तुझ्यासाठी घेतला होता? घालतेसच ना? बाह्या तेवढ्या दुमडून घेतल्यास."

लेकीने बाहीकडे बघितलं. मग ती पोत्यांच्या दोरीला भिडली. गाठी तिनेच मारलेल्या, त्यामुळे सुटता सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. पोती खाली आली. तिने स्वतःचे बूट चढवले, स्वतःचं हेल्मेट डोक्यात घातलं आणि भिंतीचा आधार घेत गाडीवर चढली. गाडीने काही दादच दिली नाही. दोन्ही पाय अधांतरी.

"टेप घे," ती म्हणाली. "चाकाच्या मधल्या नटापासून मडगार्डवरच्या रेघेपर्यंत."

"हे घे. बावीस."

"उलटी धरलीयेस."

"मग सरळ सांगायचं ना आधी!"

सरळ धरून मोजलं, रिकाम्या गाडीच्या मापातून वजा केलं. दहा सेंटिमीटर दबायला हवी ती स्प्रिंग जेमतेम सहा दबली होती. या स्प्रिंगवर टेकडी चढली असती तर पहिल्याच दगडावरून ती लाहीसारखी उडाली असती. एवढं तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.

कंपनीची मूळ स्प्रिंग बाकाखाली पडून होती. गाडी लोखंडी स्टुलावर चढवून तिने शॉकअपचे बोल्ट काढले, तोवर आईने मागचं चाक उचलून धरलं आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवला. कंबर मोडली, हात बरबटले, या घरात बायकांच्या नशिबी काय काय असतं. शॉकअप बाकावर आला. वरची रिंग सैल करताना लेकीचा हात थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला.

"अडकलंय का?"

"नाही."

"मग फिरव."

तिने फिरवली. जाड स्प्रिंग निघाली, तिने ती फडक्यात गुंडाळली. पातळ बसली. परत चढल्यावर आईने या वेळी न विचारता टेप सरळ धरली. स्प्रिंग दबली होती दहा, वर दोन रेघा. डाव्या पायाचा चवडा जमिनीला लागत होता.

ती तशीच बसून राहिली असती, पण मग धीर सुटला असता. हेल्मेट काढून तिने तिथूनच काकांना फोन लावला.

"काका, रविवारी तुम्ही तुमचीच गाडी आणा."

पलीकडे कसलं तरी मशीन चालू होतं, ते बंद झालं. "आणि त्याची?"

"ती मी आणते."

"अगं, जाड स्प्रिंग आहे तिच्यात. हाडं गोळा करत घरी येशील."

"काढली."

स्प्रिंग काढली म्हणजे काय केलं, हे आईपेक्षा काकांना जास्त कळलं होतं. लेक फोन कानाशी दाबून धरून होती.

"पाय टेकतात का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एक टेकतो. डावा."

"मग पडायचं तर डावीकडे पड. उजवीकडे धरायला मी असेन."

फोन बंद झाला. आई फडक्याने बोटं खरवडून पुसत होती.

"काय म्हणाले?"

"डावीकडे पड म्हणाले."

"पड म्हणाले? आणि तू हो म्हणालीस?"