थर्माकोलचं हिमवादळ

"मॅडम, तिकडे अंटार्क्टिकावर शी लागली तर करतात कुठे? आणि मग ती जाते कुठे?"

मनवाने विचारलं आणि दादरच्या शाळेचा अख्खा हॉल हसून फुटला. पैज तिच्या मैत्रिणीने, संघमित्राने लावली होती. विचारलंस तर वडापाव, नाही विचारलंस तर वर्षभर भित्री भागूबाई! आधीची मनवा असती तर माईक बघूनच तिची दातखीळ बसली असती. पण हल्ली मनवा कुणाचं ऐकतेय! लालबागच्या त्यांच्या मंडळाच्या गणपतीच्या देखाव्याला यंदा तिचा आवाज होता. स्टुडिओत, कानाला ते मोठ्ठे हेडफोन लावून रेकॉर्ड केलेला. तेव्हापासून ती दुधाची पिशवी आणायला गेली तरी निवेदन केल्यासारखी बोलायची.

मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. पाहुण्या आलेल्या डॉक्टर इरावती मात्र खो खो हसल्या. त्या संशोधनासाठी एक अख्खा हिवाळा त्या बर्फात राहून आल्या होत्या.

"बरं झालं विचारलंस. संशोधनाच्या तळापासून लांब तंबू टाकून राहिलो की सगळं पिंपात भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बोटीने परत."

"ईऽऽ!" सगळा हॉल.

"ई काय? तो खंड कुणा एकाचा नाही. एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या देशांनी एकत्र बसून ठरवलंय. सैन्य नको, खाणी नकोत, शोध घ्या आणि जागा होती तशी ठेवा. एक वस्तू तर तिथे न्यायचीच नाही. टीव्हीच्या खोक्यात असतात ना, ते थर्माकोलचे दाणे. त्यांच्यावर चक्क नाव घालून बंदी आहे. वाऱ्याने उडाले की गोळा कोण करणार? पक्षी खाणं समजून गिळतात."

मनवाचं हसू जागच्या जागी थिजलं. तिने पुन्हा माईक धरला. या वेळी पैज नव्हती.

"मॅडम, तिथे पोलीस असतात का हे बघायला?"

"नाही गं. एका देशाची माणसं दुसऱ्याच्या तळावर जाऊन तपासणी करू शकतात, पण ती कधीतरी. एरवी जो तिथे उभा असतो, त्यानेच पाळायचं."

शाळा सुटल्यावर संघमित्राने कबूल केल्याप्रमाणे वडापाव घेऊन दिला. मनवाने अर्धाच खाल्ला.

"काय झालं? जिंकलीस ना तू!"

"आमचा बर्फ," मनवा म्हणाली. "मंडळाचा बर्फ त्याच दाण्यांचा आहे, यार."

यंदाचा देखावा होता अंटार्क्टिका. कल्पना मनवाचीच. मध्ये बाप्पा, समोर निळसर हिमनग, पेंग्विन, आणि एका गोल टेबलाभोवती देशोदेशीचे शास्त्रज्ञ, मागे सगळ्यांचे झेंडे. हा सगळा पसारा पहिल्यांदाच तिच्या पप्पांच्या हातात आला होता. दीपक म्हणजे मंडळाचा वायरमन. वर्षानुवर्षं शिडीवर चढून दुसऱ्यांच्या देखाव्यांना दिवे बांधणारा. यंदा देखाव्याच्या बोर्डावर त्याचं नाव लागणार होतं.

मनवा मंडपात शिरली तेव्हा चाचणी चालू होती. बाहेर लालबागचा रस्ता नेहमीसारखा हॉर्न वाजवत होता. पप्पा शिडीवर होते, हातात दाण्यांचं पोतं. खाली मंडळाचे अध्यक्ष हितेंद्रकाका, कमरेवर हात ठेवून.

"मार बटन!" काका ओरडले.

मोठा पंखा घरघरला आणि हिमवादळ सुटलं. काय दिसत होतं ते! पांढरे दाणे गरगरत वर गेले, दिव्यांत चमकले, झेंड्यांवरून फिरले. क्षणभर मनवालाही वाटलं, वा पप्पा! तेवढ्यात स्पीकरमधून तिचाच आवाज आला, थोडा जाड, थोडा मोठ्या बाईसारखा.

"इथे माणूस येतो, शिकतो, आणि जाताना कचऱ्याचा एक कणही मागे ठेवत नाही."

दाणे कनातीखालून बाहेर सरकत होते. रस्त्याच्या कडेने, पार गटाराच्या जाळीपर्यंत. जाळीतून आत.

"पप्पा, थांबवा. हे दाणे नकोत."

"काय गो?" पप्पा शिडीवरून वाकले. "आधी अस्वल घालवलंस, आता बर्फ?"

ते खरं होतं. काकांनी हौसेने मोठं पांढरं अस्वल बनवून घेतलं होतं. मनवा म्हणाली, अस्वलं उत्तरेला असतात, पेंग्विन दक्षिणेला. पप्पांनी काकांशी वाद घालून ते अस्वल बाहेर काढलं. अजून ते चाळीच्या जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसलं होतं, शिक्षा झाल्यासारखं.

मनवाने इरावती मॅडमचं सगळं सांगितलं. भरभर, श्वास न घेता.

काका हसले. "अगं बाय माझे, तिकडचा कायदा तिकडे. हे लालबाग आहे."

"सजावटीला थर्माकोल इकडे पण चालत नाही, काका."

"ते शीटचं. हे दाणे आहेत. विसर्जन झालं की झाडून घेऊ."

"गटारातले?"

काकांचं हसू गेलं. ते मनवाशी बोललेच नाहीत, वर बघून म्हणाले, "दीपक, घरातून परवानगी मिळत नसेल तर तसं सांग. करणारी माणसं आहेत माझ्याकडे."

पप्पांनी उरलेलं पोतं हिमनगावर ओतलं.

रात्री तिघं जेवायला बसली. मम्मीने भात वाढला, आमटी वाढली, दोघांच्या तोंडाकडे बघितलं.

"अहो, काय झालं? ही पण आज तोंडात मूग धरून बसलीय. चाळीत लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होईल."

मनवाने सांगितलं. मम्मीने कपाळावर हात मारला.

"एवढंच ना? कापूस लावा. तुमच्या वडिलांचा जन्म गिरणीत कापसात गेला."

"कापूस उडत नाही, दर्शना," पप्पा म्हणाले. "आणि वर हॅलोजन आहेत, एक ठिणगी पडली की संपलं. पब्लिकला वादळ पाहिजे. वादळ नाही तर देखावा नाही, आणि देखावा नाही तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग हळूच म्हणाले, "मला काय कळत नाही काय गो? पोतं उघडलं तेव्हाच कळलं होतं, हे सगळं गटारात जाणार."

यावर मनवाला ओरडताही येईना. ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

पप्पांच्या केसांतून काहीतरी खाली पडलं. आमटीत एक पांढरा दाणा तरंगायला लागला. त्यांनी तो बोटाने काढला. तो बोटालाच चिकटला. झटकला, तर अंगठ्यावर आला. अंगठ्यावरून मनगटावर. तिघंही त्याच्याकडे बघत राहिली.

मनवाला पप्पांचं नाव बोर्डावर बघायचं होतं, अगदी मनापासून. मैत्रिणींना ओढत नेऊन दाखवायचं होतं. आणि आपला आवाजही ऐकवायचा होता, रांगेतल्या प्रत्येक माणसाला. तिने ताटावरचा हात काढला.

"पप्पा, मम्मी, ऐका. बर्फाचं काय करायचं ते पप्पांनी ठरवायचं. त्यात मी आता बोलणार नाही. पण 'एक कणही मागे ठेवत नाही' हे माझ्या आवाजात वाजणार नाही. उद्या सकाळी मी स्वतः हितेंद्रकाकांकडे जाणार आणि सांगणार, माझा आवाज काढा. सगळा."