सूपभर कोंड्याची लेकरं

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात कमलबाईंची नातसून निकिता बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिचं नाव आरोही ठेवलं, आणि त्याच दिवशी निकितानं सांगून टाकलं, "एकच बास. पुढं ऑपरेशन करून घेणार."

कमलबाईंना ते पटेना. त्यांना सात मुलं झालेली, जगली दोन. एकुलत्या लेकरावर सगळं घर टांगायची छाती ह्या पोरींना होते तरी कशी?

त्यांच्या काळी लागोपाठ मुलं गेली की नवं मूल विकायचे. शेजारणीकडून सूपभर कोंडा घ्यायचा, मूल तिच्या पदरात टाकायचं आणि घटकाभरानं परत आणायचं. मूल परक्याचं ठरलं की मरण त्याला शोधत येत नाही म्हणे. नावही दगडाधोंड्याचं ठेवायचं. निकिताचा सासरा दगडोबा असाच विकलेला, अन्वरीबी सुईणीला.

"आरोहीला विकून आणते," कमलबाई म्हणाल्या.

"विका," निकिता हसली. "दूध प्यायच्या वेळेला परत आणा म्हणजे झालं."

अन्वरीबी आता नव्वदीला टेकलेल्या. लेकरू मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "कोंडा कुठला? आमची सून पीठ चाळतच न्हाय. बिस्किटाचा पुडा चालंल?"

"चालंल."

"आन परत दिली न्हाय तर?"

"मग रात्री तुमीच जागा."

कमलबाईंनी विचारलं, "दगडोबामागं कोण कोण आलं विकायला?"

अन्वरीबींनी खूप आठवून पाहिलं. "इरम्मा आली. तिच्यामागं कुणीच न्हाय."

"विसरला असाल."

"पदरात घेतलेलं लेकरू विसरते व्हय मी? लेकरं मरायचीच थांबली, मग विकतंय कोण?"

"पर कशानं थांबली?"

"सुई टोचाया लागले, त्यानं."

"मला वाटतं नळानं. ओढ्याचं पाणी सुटलं तवापासनं."

"आन रस्ता? आधी अडलेली बाई बैलगाडीतच..." अन्वरीबींनी लेकरू परत कमलबाईंच्या ओटीत दिलं.

एवढी मोठी गोष्ट डोळ्यांदेखत घडली, आणि ती कोणत्या साली घडली हे दोघींनाही सांगता येईना. ह्याचं कमलबाईंना वाटभर नवल वाटत राहिलं.

घरी येऊन लेकरू निकिताच्या कुशीत देत त्या म्हणाल्या, "डॉक्टरला तारीख विचार. पोरीला धरायला मी येते संगं."

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. कमलबाई आरोहीला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. अन्वरीबी पुढच्या वर्षी झोपेतच गेल्या. दगडोबा साठीला आला, शुगरच्या गोळ्या खातो. आरोही अंगणवाडीत जाते. तिच्या वयाची गावात तिघंच आहेत. पारावर म्हाताऱ्यांना मात्र बसायला जागा पुरत नाही. कमलबाई घरून पाट घेऊन जातात.