हत्तीच्या पानाची नक्षीदार अक्षरं

रंजीताने बनवलेली वेबसाइट आसपासच्या गावांत ‘हत्तीचं पान’ म्हणूनच ओळखली जायची. रानटी कळप आज कुठे आहे आणि कोणती वाट टाळायची, एवढंच त्यावर असे. अक्षरं मात्र काय थाटाची! तिच्या आईनेच, चंदाबाईने, हट्ट धरला होता, "लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसलं पायजे." लेकीने हौसेने तीन नक्षीदार फॉन्ट चढवले. आलापल्लीच्या घरी वायफायवर पान झोकात उघडलं आणि रंजीताबाई स्वतःवरच खूश झाल्या.

धानकापणीचे दिवस होते. ऊन कलताना वनमजूर इसरूचा फोन आला, "कळप नाल्यात उतरला!" नाल्याची वाट म्हणजे शेतावरून परतणाऱ्या बायकांची रोजची वाट, आणि आज आईही त्यांच्यात होती. रंजीताने लगेच पानावर टाकलं, ‘नाल्याने येऊ नका. डांबरी रस्त्याने या.’ तिने हुश्श केलं, तोच आईचा फोन.

"पान पांढरं फट दिसून राह्यलं! एक अक्षर नाई. आमी निघून राह्यलो..." आवाज तुटला. परत फोन लागेचना. मेसेजचाही उपयोग नव्हता. जाहिरातींना वैतागून आई मेसेज उघडतच नसे.

रंजीताने स्वतःच्या फोनवर पाहिलं, तिथे पान नीट दिसत होतं. मजकूर तर चिमूटभर, मग पांढरं का? आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेतावरच्या रडतखडत येणाऱ्या नेटवर्कवर आधी ते तीन जडशीळ फॉन्ट उतरत होते, आणि ते येईपर्यंत मजकूर झाकून ठेवायला तिनेच पानाला सांगितलं होतं! साधी अक्षरं क्षणभरही दिसलेली तिला खपत नव्हती ना.

"धन्य आहे माझी!" म्हणत तिने तिन्ही फॉन्ट सटासट उडवले. फोनमध्ये मुळात असतील तीच अक्षरं वापर, असं पानाला बजावलं. वायफाय बंद करून पाहिलं, तर पान पापणी लवायच्या आत हजर! तिने चक्क उडी मारली. पण आईने ते पुन्हा उघडलं असेल का?

ती धावतच डांबरी रस्त्यावर गेली. किती वेळ कोणीच दिसेना. मग वळणावर विळे घेतलेल्या बायका आल्या, सगळ्यांत पुढे आई.

"दुसऱ्यांदा उघडलं त टपकन आलं! मी साऱ्यायले वाचून दाखवलं," आई म्हणाली. रंजीता तिच्या गळ्यातच पडली. हसावं की रडावं तिला कळेना.

आईने मात्र फोन पुढे केला. "हे असं मुळमुळीत काऊन केलं? माहे नक्षीचे अक्षर कुठी गेले?"

"ठेवले हायेत. माह्या लग्नाच्या पत्रिकेले."

"मंग कर ना लवकर," आई म्हणाली.