चावी कोण फिरवतं

माझी जाऊ मला पाण्यात पाहते, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मीही तिला पाण्यातच पाहते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण एकाच शेडमध्ये, एकाच कामावर, एकमेकींकडे पाठ करून दिवस काढायचा म्हणजे काय असतं, ते ज्याने काढलाय त्यालाच कळेल.

शेड भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, गेटं, असली कामं. भाऊजी मापं घेतात, लोखंड कापतात, भोकं पाडतात आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलतात. वेल्डिंग मात्र जाऊबाईंचं. हात असा की गिऱ्हाईक जोडावरून बोट फिरवतं आणि विचारतं, हे कुणी केलं? हे मला कबूल करावं लागतं, आणि करताना अंगाचा तिळपापड होतो.

माझा नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. वर्षातून एकदा उगवतो, पंख्याखाली झोपतो आणि जातो. मी आणि माझी पोरगी शेडच्या वरच्या घरात, मागच्या खोलीत राहतो. ती खोली जाऊबाईंच्या मते त्यांच्या मुलांची, आणि त्यांची मुलं आमच्यामुळे बाहेर सोफ्यावर आडवीतिडवी झोपतात. एकदा त्या शेजारणीला सांगत होत्या ते मी जिन्यात उभी राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं. "नवरा समुद्रावर आणि बायको माझ्या डोक्यावर." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनीही टाकलं, आणि मला वाटतं खुशीने टाकलं.

मग काम चालायचं कसं? भाऊजींमार्फत. "अहो, तिला सांगा, ग्राइंडर जागेवर ठेवत जा." मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी. भाऊजी माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगणार. मग मी म्हणणार, "भाऊजी, त्यांना सांगा, जागेवरच आहे, जरा डोळे उघडून बघा म्हणावं." भाऊजी तिकडे वळून म्हणणार, "आहे म्हणते जागेवर." डोळ्यांचं गाळून टाकायचे. लोक म्हणतात माणूस शांत आहे. मी म्हणते भित्रा आहे.

माझ्या वाट्याला घासायचं काम. जाऊबाईंनी जोडायचं, मी ग्राइंडर घेऊन त्यांच्या जोडाच्या कडा साफ करायच्या, नाकातोंडात लोखंडाची धूळ. अशात कळलं की बसच्या बॉड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात बायकांना वेल्डर म्हणून घेताहेत. पगार बरा, आणि कारखान्याच्या आवारात राहायला खोली. खरं सांगते, पगाराचा आकडा मी नीट ऐकलाही नाही. मला खोलीच्या दाराची कडी दिसत होती. आतून लावायची, आणि कुणाचे टोमणे आत येऊ द्यायचे नाहीत.

अट एकच. परीक्षा. दोन लोखंडी पट्ट्या काटकोनात जोडून द्यायच्या. मग तिथला माणूस तो जोड प्रेसखाली मुद्दाम मोडतो आणि आत बघतो. आत धातू भरीव दिसला तर नोकरी, भोकं दिसली तर घरी जा.

मी भाऊजींकरवी विचारलं, दुपारी मशीन मोकळी असते तेव्हा सराव करू का. तिकडून उत्तर आलं, "करू दे." एवढंच. ना टोमणा, ना अट. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

वेल्डिंगची ही मिग मशीन दिसायला सोपी. गनचा घोडा दाबला की तार आपोआप पुढे सरकते आणि वितळते, आणि तिच्याभोवती नळीतून गॅस वाहत राहतो. तो गॅस बाहेरच्या हवेला वितळलेल्या लोखंडापासून लांब ठेवतो. हवा आत घुसली की लोखंड फसफसतं आणि थिजताना भोकं राहतात. ऐकायला सोपं. माझा पहिला जोड पाहून भाऊजी म्हणाले, "पीठ चाळायला होईल." त्यांना हसू आलं. पलीकडे पाठ करून बसलेल्या बाईचे खांदेही हलले, मी पाहिलं.

मी काही हार मानणारी नाही. एकेक कारण धरून मागे लागले. आधी पट्ट्यांवरचा गंज आणि तेल, पार चकचकीत होईपर्यंत घासलं. भोकं तशीच. मग गनच्या तोंडात अडकलेले धातूचे मणी खरवडून काढले, तार बाहेर येते ती तांब्याची टीप बदलली. जोड जरा सरळ आला, भोकं तशीच. मग भाऊजींचा पंखा बंद केला, वारा गॅसला उडवतो म्हणून. भाऊजी घामाने निथळले, आणि भोकं तशीच. तेव्हा उरलं काय? गॅस.

सिलिंडरच्या तोंडावर काचेची एक नळी असते, तिच्यात एक छोटा गोळा तरंगतो. गॅस जास्त सुटला की गोळा वर, कमी सुटला की खाली. गोळा नळीच्या खालच्या अंगाला होता. मी चावी फिरवून तो चांगला वर चढवला. म्हटलं, आता बघते. भोकं तशीच.

दुसऱ्या दिवशी गोळा पुन्हा खाली.

सिलिंडरची चावी आपोआप फिरत नाही. भाऊजी त्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत. राहिलं कोण? ग्राइंडर धरायला फुकटचं माणूस मिळालंय, ते कोण सोडेल? मी पास झाले तर ह्यांच्या जोडाच्या कडा घासणार कोण? सगळं लख्ख दिसलं मला. मी गोळा पार वर, नळीच्या टोकाला नेऊन ठेवला आणि वेल्डिंग केलं. आधीपेक्षा जास्त भोकं. मला वाटलं, पाईपही कुठे दाबून ठेवलाय की काय. पाईप तपासला. धड होता.

मग रोजचंच झालं. मी आल्या आल्या चावी उघडायची, दुसऱ्या दिवशी ती बंदच्या बाजूला फिरलेली असायची. मी अजून उघडायची. तोंडाने चकार शब्द नाही, ना माझ्या ना त्यांच्या. जेवायला बसलो की ताटं समोरासमोर आणि नजरा भिंतीवर. पोरगी एकदा म्हणाली, "आई, तुझं काकूशी भांडण आहे का?" मी म्हटलं, "भांडायला तोंड उघडावं लागतं." आणि जोड काढला की भोकं, भोकं आणि भोकं. जितकी भोकं वाढली तितकी माझी खात्री वाढली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या बाईला काय काय बोलायचं ते घोकत असे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून खाली आले. जाऊबाई सिलिंडरपाशी वाकलेल्या, हात चावीवर.

"सापडलात," मी म्हटलं. थेट त्यांना. इतक्या महिन्यांनी माझ्या तोंडून त्यांच्यासाठी निघालेला पहिला शब्द हाच. "उद्या माझी परीक्षा आहे, माहीत आहे ना? माहीत आहे म्हणूनच. माझा गॅस मारताय रोज. पोरीला घेऊन मी इथून सुटेन म्हणून पोटात दुखतंय तुमच्या. लाज नाही वाटत?"

त्यांनी चावी सोडली नाही. शांतपणे फिरवली, गोळा जिथे हवा तिथे आणला, मग सरळ उभ्या राहिल्या. भाऊजी ड्रिलिंग मशीनपाशी होते. त्या माझ्याशी न बोलता त्यांच्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही तिला सांगितलं नाही?"

भाऊजींनी ड्रिल बंद केलं आणि हात पुसायला घेतले.

"तिने चावी फिरवली त्याच दिवशी म्हटलं होतं ना मी, तिला सांगा, गॅस एवढा सोडू नकोस, जास्त सोडला की तो गरगरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस," भाऊजी म्हणाले. "मला वाटलं, तिला वाटेल तू गॅसच्या खर्चावरून टोचतेयस. उगाच वाद कशाला."

"आणि नंतर?"

"नंतरही तेच वाटलं."

म्हणजे चावी बरोबर जागी आणून ठेवणारी ती, आणि रोज येऊन बिघडवणारी मी. पहिल्यांदा चावी फिरवल्यापासून, गोळा खाली असताना मी एकदाही घोडा दाबला नव्हता. तिच्यावर इतका अविश्वास की आधी उघडायचं आणि मग बघायचं. भोकं दुसऱ्या कुणी पाडली नव्हती. माझी मीच पाडली होती.

पण माझं तोंड गप्प बसेल तर ना. "एवढी काळजी होती तर मला थेट सांगायचं होतं."

"तुझ्याशी मी बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"मग रोज येऊन चावी कशाला फिरवता? मी पास झाले काय, नापास झाले काय, तुम्हाला काय त्याचं?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत.

"मला तू जायला हवी आहेस," त्या म्हणाल्या. "कळलं? ग्राइंडर धरायला माणूस मिळेल मला, पन्नास मिळतील. माझी पोरं सोफ्यावर झोपतात. माझ्या स्वयंपाकघरात तुझे डबे. माझ्या शेडमध्ये तुझं फुगलेलं तोंड. तू नापास झालीस तर जन्मभर माझ्या उरावर बसशील. तुझ्यापेक्षा मला घाई आहे तू पास व्हायची. धर ती गन."

असा पाणउतारा माझा आयुष्यात कुणी केला नव्हता. पण परीक्षा उद्यावर आलेली. मी गन धरली.

त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि माझं मनगट पकडलं. पकड म्हणजे पकड, निळा डाग राहिला दुसऱ्या दिवशी. "जवळ. अजून जवळ. गनचं तोंड कुठे नेतेस वर, गॅस काय तुझ्या मागे पळत येणार आहे? पहिल्या दिवसापासूनची भोकं ह्याचीच. हात टेकव. कोपर टेकव. श्वास कशाला धरलायस, मरतेयस का? घाई करू नकोस. थांबूही नकोस. शेवटाला आलीस की घोडा सोड, पण गन लगेच उचलू नकोस, गॅस अजून वाहतोय, लोखंड थिजू दे त्याच्याखाली. उचललीस? परत."

परत. परत. दुपारभर हेच. एक गिऱ्हाईक येऊन भाऊजींशी बोलून गेलं, आम्हाला पत्ता नाही. जोड झाला की त्या तो पकडीने धरून पाण्यात बुडवायच्या, वाइसच्या जबड्यात आवळायच्या आणि हातोड्याने मोडायच्या. माझ्यावरचा राग त्या हातोड्यात होता, ते घाव बघून कळत होतं. "भोक." "भोक." "हे बघ, इथे, शेवटाला." मी रडले नाही. एकदा हेल्मेट खाली ओढून घेतलं आणि जरा वेळ वर केलं नाही, एवढंच.

संध्याकाळी एक जोड मोडता मोडेना. त्यांनी हातोडा दोन्ही हातांनी धरला तेव्हा कुठे वाकला आणि फाटला. आत करडा, भरीव धातू. एकही भोक नाही. जाऊबाईंनी तो उजेडात धरून उलटासुलटा पाहिला आणि कोपऱ्यातल्या भंगारात फेकला.

"उद्या असाच कर," त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

परीक्षेत मी मशीनपाशी गेल्यावर आधी गोळा पाहिला. तो जिथे होता तिथे राहू दिला. चावीला हात लावायचा मोह झाला, खोटं नाही सांगत. हात लावला नाही. तिथल्या माणसाने माझा जोड मोडला, आत पाहिलं आणि म्हणाला, "सोमवारी या. खोलीची किल्ली ऑफिसातून घ्या."

बसमध्ये मी सगळा रस्ता एकच विचार करत होते, घरी जाऊन त्या बाईला कसं सांगायचं. ताठ मानेनं सांगायचं की नाही सांगायचंच.

शेडमध्ये शिरले तर मधोमध एक लोखंडी पलंग उभा. दुमजली, वर चढायला बाजूला शिडी. मुलांचा. अगदी आमच्या मागच्या खोलीच्या मापाचा, खिडकीच्या कठड्याला अडू नये म्हणून एका कोपऱ्याचा पाय थोडा आत घेतलेला. मी परीक्षेला गेल्यावर त्या बाईने सकाळपासून दुसरं काही केलं नव्हतं. जोड अजून कोमट होते. मी एकावरून बोट फिरवलं. मी पास होणार याची मला स्वतःला खात्री नव्हती, आणि हिने लोखंड कापायला लावलं होतं.

हा मान होता की अपमान ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही, आणि त्याचा मला राग येतो.

जाऊबाई रंगाचा डबा उघडत होत्या. "झालीस ना?" त्यांनी विचारलं. थेट मला.

"झाले."

"खोली कधी?"

"सोमवारी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ब्रश रंगात बुडवला. "तोवर हा वाळेल. तुझे डबे तेवढे आजच काढ."

मी वर गेले आणि डबे काढायला घेतले.